आधी आईकडे बघा: लहान जातीच्या कुत्रीची पिल्लं काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

“एकदा तरी विऊ दे तिला, नाहीतर पुढे गाठी येतात.” चिमी दीड वर्षाची झाली आणि हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकू यायला लागलं. शेजारच्या वहिनी, दूध घालणारा मुलगा, एवढंच कशाला, गोचिडाचं औषध देणारा दुकानदारसुद्धा.

चिमी आमची पॉम (पॉमेरेनियन). म्हणजे आणली ती पॉम म्हणून. घरोघर जी पांढरी केसाळ कुत्री पॉम म्हणून दिसतात त्यांतली बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, आणि चिमीही तीच निघाली. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घरी तिची दोन वेतं झाली. पहिल्या वेताला मी बरंच चुकले, दुसऱ्या वेताला त्यातलं थोडं सुधारलं, आणि मग तिचं ऑपरेशन करून टाकलं. आता ओळखीत कुणी शिटझू, पग, डॅशहुंड अशी मादी आणली की वर्षभरात मला फोन येतो, “ताई, क्रॉस करायचंय, कुठे विचारू?” त्या फोनवर मी जे बोलते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पिल्लू विकत घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. विकणाऱ्याने काय करायला हवं होतं हे ठाऊक असलं की त्याला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

पहिली पायरी: कशासाठी?

गाठींचा विषय आधी संपवते. वेत झाल्याने कुत्रीला स्तनाच्या गाठींपासून संरक्षण मिळत नाही. ते मिळतं लहान वयात गर्भाशय आणि अंडाशय काढण्याच्या ऑपरेशनने. त्याच ऑपरेशनने उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. नेमकं कुठल्या महिन्यात करायचं ते डॉक्टर जात आणि वजन बघून सांगतात. ‘तिलाही आई व्हावंसं वाटत असेल’ हे मात्र सगळं आपल्याच मनातलं. कुत्रीला माज येतो, म्हणजे ठरावीक काळात ती नराला तयार होते. आई होण्याची स्वप्नं पडत असतील तर ती तिने अजून कुणाला सांगितलेली नाहीत.

मग दोन कारणं उरतात. एक पैसे, त्याचा हिशेब पुढे येईल. दुसरं, ‘हिच्यासारखंच एक हवं.’ त्या पिल्लाचं अर्धं रक्त परक्या कुत्र्याचं असतं, त्यामुळे ते हिच्यासारखं निघेलच असं नाही. आणि एक तुम्ही ठेवाल हो, बाकीची तीन कुठे जाणार?

तिसरं कारण क्वचित दिसतं. मादी निरोगी आहे, स्वभावाने शांत आहे, घेणारी माणसं आधीच ठरलेली आहेत आणि एखादं पिल्लू उद्या परत आलं तर ठेवायला घरात जागा आहे. एवढं सगळं जुळत असेल तर पिल्लं काढावीत असं मला वाटतं. सगळ्यांनीच थांबा म्हणणाऱ्यांतली मी नाही. काळजीने करणारी माणसं थांबली की सगळा धंदा घाटावरून रात्रीच्या बसने खोक्यात पिल्लं मागवणाऱ्यांच्या हाती जातो.

दुसरी पायरी: आईला तपासा

इथे घाई करू नका. पुढची प्रत्येक गोष्ट इथे ठरते, आणि बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत उत्तर ‘नको’ असंच येतं.

तिला अंगणात चालवा आणि मागून बघा. चालता चालता मागचा एक पाय वर उचलून दोनतीन पावलं लंगडी घालते आणि मग काही झालंच नाही अशी सरळ चालू लागते का? आम्ही चिमीच्या बहिणीला असं करताना बघून हसायचो, ‘बघा कशी नाचते’ म्हणून. ती गुडघ्याची वाटी सरकण्याची खूण होती. पॉम, चिव्हावा, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत हा दोष नेहमी आढळतो आणि तो पिल्लांत उतरतो. डॉक्टर टेबलावर उभं करून हाताने वाटी सरकते का ते बघतात, दोन मिनिटांचं काम असतं.

पट्टा ओढला की हंसासारखा ‘हॉंक हॉंक’ खोकला येत असेल तर श्वासनलिका दबते आहे. खालच्या-वरच्या सुळ्यांशेजारी दुधाचे सुळे तसेच राहून दुहेरी रांग दिसत असेल तर तेही लिहून ठेवा. छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज ऐकायला सांगा, कारण लहान जातींत हृदयाची झडप गळण्याचा आजार पुष्कळ असतो आणि तो मध्यम वयात कळतो, म्हणजे तोवर दोनतीन वेतं होऊन गेलेली असतात. डॅशहुंड असेल तर पाठीच्या मणक्यांची चौकशी तिच्या आईवडिलांपर्यंत करा. लांब पाठ आणि आखूड पाय हे त्या जातीचं रूप, आणि मणक्यातली चकती सरकणं हे त्या रूपाचं भाडं.

पग आणि शिटझूबद्दल गोव्यातल्या माणसांना वेगळं सांगायला हवं. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरचा आणि घशातला ओलावा हवेत उडवून. आपल्याकडे मे महिन्यात हवाच एवढी ओली असते की तो ओलावा उडत नाही. त्यात नाक चेपलेलं, नाकपुड्या फटीएवढ्या आणि तोंडातला टाळू मागे लोंबणारा. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि देशभर घरोघर पग आले. त्यानंतर जे पग जन्मले त्यांतले कितीतरी झोपेतही घोरत, गुदमरत जगले. तुमची मादी पंख्याखाली बसून घोरत असेल, जिना चढून निळसर पडत असेल, तर तिला पिल्लं काढू नका. घोरणं म्हणजे गोड सवय नव्हे.

स्वभावही बघा. घरी पाहुणे आले की जी पलंगाखालून बाहेर येत नाही किंवा जी पोटरीचा चावा घेते, तिची पिल्लं डोळे उघडल्यापासून तिच्याकडे बघूनच शिकतात.

खूपच लहान आकाराच्या पिल्लांसाठी ‘टीकप’, ‘कल्चर पॉम’ असे शब्द कानावर येतील. टीकप नावाची जातच नाही. लहानात लहान नर आणि लहानात लहान मादी एकत्र आणून, वेतातलं अशक्त पिल्लू निवडून हा आकार काढतात. अशा पिल्लांच्या डोक्यावरची टाळू पुष्कळदा भरत नाही, आणि काही तास पोट रिकामं राहिलं तरी रक्तातली साखर उतरून ती लुळी पडू शकतात. आणि जिचं वजनच दीड किलो, त्या मादीच्या कमरेतून पिल्लाचं डोकं कसं बाहेर यायचं?

यातली एक जरी गोष्ट खटकली तरी थांबा, आणि मादीचं ऑपरेशन करून घ्या. कुत्रं वाईट ठरलं असा त्याचा अर्थ नाही. चिमीची बहीण चौदा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत घरातल्या सगळ्यांवर सत्ता गाजवत होती.

तिसरी पायरी: कायदा

बऱ्याच जणांना वाटतं की घरातली दोनचार पिल्लं विकली तर कायद्याचा काय संबंध. संबंध आहे. केंद्र सरकारने २०१७ साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आणले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. शुल्क ५,००० रुपये, मुदत दोन वर्षं. मधला दलाल आणि कुत्री सांभाळायला ठेवणाराही त्या व्याख्येत धरलेला आहे. गोव्यात चौकशीला सुरुवात करायची तर पणजीच्या पाटोवरचं पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकीय सेवा संचालनालय गाठा.

नियमांतल्या लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. नर आणि मादी दोघंही अठरा महिन्यांच्या वर हवीत. मादी आठ वर्षांच्या पुढे नराला लावायची नाही. लागोपाठच्या दोन माजांत लावायची नाही, बारा महिन्यांत एकाहून जास्त वेत नाही, आणि जन्मभरात पाचाहून जास्त नाहीत. लावण्याआधी पशुवैद्याने ती निरोगी असल्याचं लिहून द्यायला हवं. जवळच्या नात्यात संकर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि विकताना लस आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) दोन्ही हवं. सहा महिन्यांच्या वरचं कुत्रं विकायचं तर नसबंदी करूनच, घेणारा नोंदणीकृत ब्रीडर असेल तर गोष्ट वेगळी.

पाच वेतं ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, कुणी त्याला कोटा समजू नये. माझ्या मते घरच्या कुत्रीला दोन पुरेत.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद ही वेगळी गोष्ट. ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणजे त्याची वंशावळ नोंदलेली आहे, इतकंच. त्या कागदावर गुडघे आणि हृदय तपासलेलं नसतं. आणि तो कागद म्हणजे पैदाशीचा परवानाही नव्हे.

चौथी पायरी: नर

गोवा लहान. एखाद्या जातीचे फिरते नर दोनतीनच असतात, आणि ‘मस्त स्टड आहे’ म्हणून सगळे त्यांच्याकडेच जातात. चारपाच वर्षांत मामा-भाची, बाप-लेक अशा जोड्या कुणाच्या लक्षात न येता जुळतात. म्हणून नराच्या मालकाला पहिला प्रश्न हा: याची आजवरची पिल्लं कुठे कुठे गेली? वही काढून दाखवणारा मालक भेटला तर पुढे बोला. मादीची जी तपासणी झाली तीच नराची. शिवाय दोघांचीही ब्रुसेलाची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. त्या जंतूने गर्भ पडतो आणि तो माणसालाही लागतो.

मोबदला रोख की पहिल्या निवडीचं पिल्लू, हे आधी कागदावर लिहा. एकच पिल्लू झालं तर काय, तेही लिहा. आमची अर्धी मैत्री यावर मोडली आहे.

माजाचे तीन आठवडे मादी घरात आणि पट्ट्यावर ठेवा. वाड्यावरचे सगळे कुत्रे फाटकाशी येऊन बसतात आणि चिऱ्याची चार फुटी भिंत त्यांना काहीच नाही. दोन नरांशी संबंध आला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. नर-मादी जोडली गेली की पंधरावीस मिनिटं सुटत नाहीत. घाबरून ओढू नका, पाणी ओतू नका, दोघांना इजा होते. तारीख मात्र लिहून ठेवा.

पाचवी पायरी: वही

दुसऱ्या वेताची माझी वही अजून आहे. दोन पिल्लं झाली. तपासण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, आईचं वाढीव खाणं, जंतांची औषधं, लसी, चिप, आणि मध्यरात्रीचं सिझेरियन, ज्याने एकट्यानेच बाकीच्या सगळ्या खर्चाएवढे पैसे खाल्ले. दोन पिल्लांचे आलेले पैसे वजा केले तर मी तोट्यात होते. आठ आठवड्यांची माझी झोप त्यात धरलेली नाही. लहान जातींत एकदोन पिल्लं होणं नेहमीचंच, आणि पोटात एकच असलं तर ते मोठं वाढतं आणि अडकतं. यातून नियमित पैसे कमावणाऱ्याने कुठला तरी खर्च वाचवलेला असतो. बहुतेक वेळा तो आईचा असतो.

सहावी पायरी: त्रेसष्ट दिवस

गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवस, चारपाच दिवस पुढेमागे. महिना झाला की सोनोग्राफीत गर्भ आणि त्यांच्या हृदयाचे ठोके दिसतात. पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढला की कवट्या मोजता येतात. हा एक्स-रे टाळू नका. त्या रात्री पोटात अजून एक आहे की नाही, हे ठाऊक असण्यावर सगळं अवलंबून असतं.

शेवटच्या तीन आठवड्यांत तिला पिल्लांसाठीचं पौष्टिक खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या. चहात बुडवलेला पोदेराचा (पाववाल्याचा) पाव हे गाभण कुत्रीचं जेवण नव्हे, मग ती तो कितीही आवडीने खावो. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कॅल्शियमचं औषध देऊ नका. यावर पुढे येतेच.

विण्यासाठी बाजूंना उंची असलेली लाकडी पेटी, आत जुनी वर्तमानपत्रं आणि जुन्या सुती साड्या. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पावसाळ्यात आपल्या घरांत तांबड्या मुंग्यांची रांग कुठून निघेल सांगता येत नाही, आणि नुकत्याच जन्मलेल्या, आंधळ्या पिल्लाला रडण्यापलीकडे काही करता येत नाही. लाईट गेली तर ऊब कशी द्यायची त्याची तयारीही आधीच: गरम पाण्याच्या बाटल्या, वर टॉवेल गुंडाळून.

सातवी पायरी: ती रात्र

बहुतेक रात्रच असते. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजत राहा. तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली घसरलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. ती पेटी उकरते, जेवण सोडते, थरथरते. हे सगळं ठीक.

ठीक नसलेलं सांगते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही. एक पिल्लू झाल्यावर दोन तास गेले, पोटात अजून आहे आणि दुसरं येत नाही. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट काळा स्राव. अर्धं बाहेर येऊन अडकलेलं पिल्लू. यातलं काहीही दिसलं तर गाडी काढा. रात्री दोन वाजता कुठले डॉक्टर सिझेरियन करतील हे पन्नासाव्या दिवशीच विचारून ठेवलेलं असलं पाहिजे. आम्ही ते विचारलं नव्हतं. सावर्डेपासून पणजीपर्यंत चार ठिकाणी फोन फिरवत एक तास गेला.

आठवी पायरी: आईचा ताप

हे मी पहिल्या वेताला शिकले आणि त्याची आठवण अजून बोचते.

चार पिल्लं, सगळी गुटगुटीत, एकविसावा दिवस. चिमी सकाळपासून अस्वस्थ, धापा टाकत घरभर फिरत होती. मला वाटलं उकडतंय. दुपारी ती पिल्लांपासून उठून गेली आणि कोपऱ्यात उभी राहिली, चारही पाय लाकडासारखे ताठ, डोळे फाकलेले. हात लावला तर अंग भट्टीसारखं. मग पडली आणि झटके सुरू झाले. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम द्यायला सुरुवात केली, एक हात सुईवर आणि दुसऱ्या हातातला स्टेथोस्कोप तिच्या हृदयावर, एकेक थेंब मोजत. हळूहळू तिचे पाय सैल पडत गेले. मग त्यांनी मला विचारलं, “गाभण असताना कॅल्शियम पाजत होता?” पाजत होते. रोज, दोन चमचे, मोठ्या प्रेमाने.

बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. पिल्लांनी एकदम दूध ओढायला सुरुवात केली की ती वेळेवर जागी होत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. लहान जातीची आई, मोठं वेत, दुसरा ते चौथा आठवडा, हा धोक्याचा काळ. धापा, थरथर, ताठर चाल यांतलं काहीही दिसलं की पिल्लं ताबडतोब आईपासून बाजूला करा आणि दवाखाना गाठा, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. पिल्लांना मग पिल्लांसाठीचं तयार दूध पाजावं लागतं, दर दोनतीन तासांनी, रात्रीसुद्धा. गाईचं साधं दूध पुरत नाही.

नववी पायरी: आठ आठवडे

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक पिल्लू तोला. आठदहा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं एखाद्या दिवशीही वाढलं नाही ते नीट दूध पीत नाही. पहिला आठवडा पेटीतली ऊब ३० अंश सेल्सियसच्या आसपास. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. दोन आठवड्यांपासून जंतांचं औषध, तीनचार आठवड्यांपासून पातळ खाणं, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस.

तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं त्याची त्याला पुढे भीती राहत नाही. त्यामुळे त्यांना मागच्या खोलीत कोंडून ठेवू नका. मिक्सर, कुकरची शिट्टी, पावसाचा पत्र्यावरचा आवाज, टोपीवाला माणूस, लहान मूल, सगळं थोडं थोडं. आणि भावंडांत राहू द्या. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ बंद पडतो. चाव्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू असंच शिकतं, माणसाने ओरडून ते शिकवता येत नाही.

आता पहिल्या वेतातली दुसरी चूक. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. मडगावच्या एका कुटुंबाला मुलाला चवथीची भेट म्हणून पिल्लू हवं होतं. पस्तीस दिवसांचं, लस नाही, नुकतं भात खायला लागलेलं. पैसे हातात ठेवले होते, आणि मी दिलं. नवव्या दिवशी फोन आला: रक्ताची हगवण, उलट्या, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. पार्व्हो. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि लसीचं अजून आलेलं नसतं, त्या फटीत हा विषाणू शिरतो. म्हणूनच लसींचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत दर तीनचार आठवड्यांनी द्यावे लागतात. विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, तेव्हा त्या अंगणात लगेच दुसरं पिल्लू आणायचंही नाही. मी पैसे परत केले. मुलगा सात वर्षांचा होता.

दहावी पायरी: घर निवडा, मग किंमत बोला

किंमत विचारणारा पहिला फोन येतो तेव्हा किंमत सांगू नका, प्रश्न विचारा. घरात दिवसा कोण असतं? घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, आणि अकरा महिन्यांचा करार संपल्यावर काय? बाहेरून येऊन किनारपट्टीवर घर घेणारी, कुत्रं पाळणारी आणि दीड वर्षाने परत जाताना ते आवारातल्या रखवालदाराकडे सोडून जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. याआधी कुत्रं होतं का, आणि त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्षपूर्वक ऐका. “दिलं कुणालातरी” असं कुणी सहज म्हणालं तर माझं पिल्लू त्या घरी जात नाही.

माणसं घरी येऊ द्या. पिल्लाबरोबर त्याची आई दाखवा, ती काय खाते, कुठे झोपते ते बघू द्या. रस्त्यावर, पेट्रोल पंपावर, बसस्टँडवर पिल्लू सुपूर्द करायचं नाही. विकत घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही हेच: “आई गावाला आहे”, “मधल्या ठिकाणी भेटू”, “आज टोकन दिलं नाही तर जाईल” असं ऐकलं की घरी परत या. आई सुकलेली, स्तन लोंबणारी, लाजून कोपऱ्यात बसलेली असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, त्याच्या किमतीतला एक रुपयाही तिच्यापर्यंत पोचलेला नाही. दया येऊन असं पिल्लू विकत घेणं मला समजतं. पण त्या पैशाने तिचं पुढचं वेत ठरतं.

पिल्लाबरोबर द्यायचे कागद: पावती, चिपचा क्रमांक, लस आणि जंतांच्या औषधांची तारखांसह नोंद, आईवडिलांच्या तपासण्यांच्या प्रती, आणि सध्या ते जे खातं त्याचं आठवडाभराचं खाणं. पहिले काही दिवस रात्री उशिरा थोडं खायला द्यायला सांगा, साखर उतरू नये म्हणून. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर घेणाऱ्याने द्यायची आहे, हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामागे २०१४ पासून घरोघर आणि रस्तोरस्ती जाळी घेऊन फिरत कुत्र्यांना लसी टोचणाऱ्या पोरांचे कष्ट आहेत. ‘आमचं घरातलंच आहे, त्याला काय होतं’ म्हणून लस चुकवायची नाही.

दोष असलेलं पिल्लू निघालं, गुडघा हलका, हर्निया, जबड्याची ठेवण वाकडी, तर ते लपवू नका. सांगून, पैदाशीला वापरणार नाही असं लिहून घेऊन, कमी पैशात किंवा फुकट चांगल्या घरी द्या.

अकरावी पायरी: परत घेणं

करारात माझी एकच अट ठळक अक्षरांत असते. काहीही कारणाने ठेवता आलं नाही तर कुत्रं माझ्याकडेच परत द्यायचं, वय कितीही असो, आणि मी कारण विचारणार नाही. ही अट निभावता येणार नसेल तर पिल्लं काढू नका.

दुसऱ्या वेतातला बंड्या असाच परत आला, चार वर्षांचा होऊन. पर्वरीच्या फ्लॅटमधल्या जोडप्याला परदेशी नोकरी लागली होती. बरोबर त्याची वाटी, एक फाटका बॉल आणि अर्धी पिशवी खाणं. असं कुत्रं आलं की पहिले तीन दिवस त्याला आंघोळ घालू नका, पाहुण्यांना बोलावू नका. जुनी वाटी, जुनंच खाणं, जेवणाची वेळ तीच. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोघांची पहिली भेट फाटकाबाहेर, चालता चालता, पट्ट्यावर घडवा. आठवड्यात रक्त तपासून घ्या, कारण गोचिडाचा ताप आपल्याकडे अंगात दबून राहतो आणि नव्या जागेच्या ताणाने वर येतो. बंड्याने पहिल्या रात्री काही खाल्लं नाही. दुसऱ्या रात्री चिमीच्या जुन्या पेटीपाशी गेला, बराच वेळ हुंगत उभा राहिला आणि मग आत शिरून झोपला. पेटी त्याला आता लहान पडत होती. सकाळी सुतार बोलावून एक बाजू कापून घेतली.